मनाची तपासणी वस्तीत आली आहे, दार लावू नका

गेल्या दोन-तीन महिन्यांत चळवळीतल्या मित्रांशी आमचे एकाच विषयावर तीन वेळा खटके उडाले. विषय वरवर पाहता किरकोळ आहे. आशाताई घरोघरी फिरून तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे सगळं त्यात विचारतात. त्याच फॉर्ममध्ये मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, हा एक. उदास, निराश वाटतं का, हा दुसरा. प्रत्येकाला चार उत्तरं : कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. शून्य ते तीन गुण. माहिती मोबाइलवर चढते, बेरीज होते आणि ती ठरलेल्या रेषेच्या वर गेली की त्या माणसाला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे पाठवायचं. तिथे पुढचे प्रश्न विचारायचे.

एका मित्राचं म्हणणं असं, की ही व्यवस्थेची जुनी चाल आहे. अन्याय त्यांनी करायचा आणि पेशंट आपण व्हायचं. दुसऱ्याला भीती वाटते, की उद्या आपल्या वस्तीवर 'मानसिक रुग्णांची वस्ती' असा सरकारी शिक्का बसेल. तिसरा मित्र वयाने लहान, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, यंत्राला जात नसते, माणसापेक्षा ॲप बरं, उगाच विरोध करू नका.

आम्हाला तिघांचंही पूर्ण पटत नाही. तरी कुणा एकाकडे झुकायचंच तर आम्ही त्या पुण्याच्या पोराकडे झुकू, फक्त त्याच्या कारणासाठी नाही.

पहिल्या मित्राचा संशय आकाशातून पडलेला नाही. रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये, दर्शन सोळंकी फेब्रुवारी २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी चळवळ जातीबद्दल बोलत होती आणि समोरून वैयक्तिक नैराश्य, कामाचा ताण, अभ्यासाचं ओझं अशी भाषा ऐकू येत होती. कमिटी बसते, समुपदेशक नेमण्याची घोषणा होते, आणि ज्यांनी त्रास दिला त्यांचा विषय मागे पडतो. हे पाहिलेल्या माणसाला 'मानसिक आरोग्य' हा शब्दच खोटा वाटू लागला तर त्यात नवल नाही. पण विद्यापीठातला तो अनुभव जसाच्या तसा गावच्या उपकेंद्रावर लावला, की आपल्याच माणसांचं नुकसान होतं, असं आमचं म्हणणं आहे.

त्याचं कारण आकड्यांत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं, की ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांनी देशभर ज्याचं नाव झालं ते राज्यच मोजणीत नाही.) मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागे एकसुद्धा नाही, आणि जे आहेत ते शहरात. आमच्या तालुक्याच्या माणसाला त्यांच्यापर्यंत जायचं तर एक मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून जावं लागतं. उदासीने जो आधीच खचला आहे तो हे करेल का? तो जातो प्राथमिक आरोग्य केंद्रातच. पण "मला उदास वाटतं" असं सांगायला तो जात नाही. तो सांगतो : डोकं जड राहतं, छातीत धडधड होते, हातापायांना मुंग्या येतात, अंगात जोर नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ओपीडीत शंभर माणसं बसलेली. डॉक्टर दोन मिनिटांत पेनकिलर आणि लाल-पिवळ्या गोळ्या लिहून देतात. आपल्या किती बाया वर्षानुवर्षं त्या गोळ्यांवर आहेत, ते वस्तीत फिरणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. तपासणीचे प्रश्न या दोन मिनिटांच्या आड येतात, हीच त्यांची खरी उपयुक्तता. डॉक्टर विचारणार नाही ते मोबाइल विचारतो.

आता हत्याराची थोडी ओळख करून घेऊ, कारण आपण बऱ्याचदा न पाहिलेल्या गोष्टीवर भाषण देतो. हे दोन प्रश्न नऊ प्रश्नांच्या एका मोठ्या प्रश्नावलीतून घेतले आहेत. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. रॉबर्ट स्पिट्झर, जेनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंके यांनी ती अमेरिकेत प्राथमिक उपचारांच्या दवाखान्यांसाठी बनवली. नऊ प्रश्नांचे जास्तीत जास्त २७ गुण. पाच ते नऊ म्हणजे सौम्य, दहा ते चौदा मध्यम, त्यापुढे तीव्रतेच्या पायऱ्या. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे, आणि त्यावर शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, माणसाशी त्याच वेळी बोलायला हवं. ही प्रश्नावली फायझर या औषध कंपनीच्या पैशातून तयार झाली, आणि ती कंपनी नैराश्यावरचं औषध विकत होती. आमच्या मित्राला हे कळल्यावर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघा!" बघितलं. ती कुणालाही फुकट वापरता येते हेही बघितलं. पैसा कुणाचा होता हे जरूर लक्षात ठेवावं, पण मोजपट्टी कुणी बनवली यापेक्षा ती आपल्या अंगाला बसते का, हे तपासणं जास्त कामाचं आहे.

तिथे मात्र अडचण आहे, आणि ती मोठी आहे.

आमच्या भागात एका आशाताईंसोबत आम्ही काही दिवस फिरलो. बाई चांगली, कामाची, पण फॉर्मची छापील मराठी तशीच वाचायची. एका मावशींना तिने विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? मावशी रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकून आलेल्या. म्हणाल्या, "कामात कायचा रस राह्यते माय? रस उसात राह्यते." सगळे हसलो. आशाताईने 'कधीच नाही' वर बोट ठेवलं आणि पुढच्या घरी निघाली. शून्य गुण.

समाजशास्त्र शिकताना प्रश्नावलीच्या मर्यादा आम्ही परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. त्या मावशींच्या दारात त्या समोर उभ्या राहिल्या. ज्याच्या कामाची निवड जातीने आणि पोटाने केली, त्याला कामातल्या रसाबद्दल विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचा पत्ता विचारण्यासारखं आहे. पण याच मावशींना आम्ही नंतर विचारलं, की भीमजयंतीच्या मिरवणुकीत यंदा गेला होता का. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, यंदा जीवच लागला नाही. नवी साडी घेतली होती, पेटीतून काढलीच नाही. पोरी बोलवायला आल्या, पांघरूण घेऊन पडून राहिले. प्रश्न हाच होता. आनंद हरवला आहे का, हे विचारायचं असेल तर माणसाचा आनंद कुठे असतो हे आधी माहीत हवं.

यावर पुण्याचा मित्र म्हणतो, मग शब्द बदला, किती सोपं आहे. तेवढं सोपं नाही. शब्द बदलले की गुणांचा अर्थ बदलतो. आपल्या मनाने भाषांतर करून नऊ गुणांना 'सौम्य' म्हणता येत नाही. वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, अहिराणी बोलणाऱ्या लोकांमध्ये बसून प्रश्न घडवावे लागतात आणि ते नीट मोजतात की नाही हे तपासावं लागतं. हे काम विद्यापीठांचं आहे. आपली जी पोरं-पोरी मानसशास्त्र, समाजकार्य, भाषाशास्त्रात एमए करत आहेत, पीएचडीसाठी विषय शोधत आहेत, त्यांनी हा विषय घ्यावा. ग्रंथालयात बसून दहावा 'बाबासाहेबांचे आर्थिक विचार' लिहिण्यापेक्षा याची गरज जास्त आहे. कडू वाटेल, पण खरं आहे.

आता विचारतं कोण, याकडे येऊ. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेचं पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात पाहणी केलेल्या ३३ टक्के गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल ठेवत नसल्याचं आढळलं. त्यानंतर आशा आल्या, रस्ते आले, मोबाइल आले. पण दारातून बोलून परत जाणारी माणसं अजून आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. आमच्या कामाच्या पट्ट्यातल्या एका गावात (नाव देत नाही, तिथल्या बायांना त्रास नको) मनाच्या दोन प्रश्नांची नोंद आम्ही आरोग्य केंद्रातून समजून घेतली. बौद्ध वस्तीतल्या झाडून सगळ्या घरांना शून्य गुण. एकाही माणसाला दोन आठवड्यांत एक दिवसही उदास वाटलं नव्हतं. एवढी सुखी वस्ती कुठली, म्हणून आम्ही गेलो. विहारात बाया जमल्या. विचारलं तर एकीलाही ते प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. शुगर तपासली होती, तीही रस्त्यावर बोलावून.

संगणकीय तपासणीचा सगळ्यात मोठा धोका आम्हाला हा वाटतो. कागदावर रिकामी जागा राहिली तर ती दिसते. ॲपमध्ये सगळ्या घरांवर हिरवी खूण येते. वरच्या साहेबाच्या पडद्यावर वस्तीची तपासणी पूर्ण, वस्ती निरोगी. उद्या मागणी घेऊन गेलात तर हेच शून्य तुमच्या तोंडावर फेकलं जाईल.

आशाताईंना शिव्या देऊन हे सुटत नाही. फॉर्ममागे मोजके रुपये, वरून रोजचं टार्गेट, स्वतःच्या घरचं काम, आणि त्यातल्या कितीतरी आपल्याच समाजाच्या. आपली असली तरी प्रश्न राहतोच. शेजारच्या घरातली सून समोर मोबाइल धरून उभी असेल, सासू आतून ऐकत असेल, तर कोण सांगेल की मला मरावंसं वाटतं?

म्हणून आम्ही यंत्राकडे झुकतो. जगभरात संवेदनशील विषयांवरच्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. समोर माणूस बसून विचारतो त्यापेक्षा, कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकले आणि पडद्यावर स्वतः बोट ठेवलं, तर लाजेच्या, भीतीच्या गोष्टी माणसं जास्त सांगतात. वाचता येण्याची अट नाही. उपकेंद्रात एका कोपऱ्यात खुर्ची, स्वच्छ आवाजात आपल्या बोलीतले प्रश्न, चार रंगांची चार बटणं. कुणी "कोणत्या आळीतले?" असं विचारत नाही, नाक मुरडत नाही, सासूला ऐकू जात नाही. यंत्राला जात नसते हे पुण्याच्या मित्राचं वाक्य अर्धंच खरं आहे, कारण यंत्र ज्याच्या हातात असतं त्याला असते. ते यंत्र दुखणाऱ्या माणसाच्या हातात दिलं तर मात्र त्याच्या वाक्यात दम येतो.

समजा गुण आले. पुढे काय? आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात जॉर्ज इन्स्टिट्यूटने 'स्मार्ट मेंटल हेल्थ' नावाचा प्रयोग केला. आशांच्या हातात टॅबलेट, त्यावर नैराश्याचे आणि चिंतेचे प्रश्न, गुण पुढे डॉक्टरच्या टॅबलेटवर, आणि काय करायचं याची पायरीवार सूचना. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गुण रेषेवर गेलेल्या लोकांत आधी उपचार घेणारे ०.८ टक्के होते, ते १२.६ टक्के झाले. वाढ मोठी आहे, तिचं कौतुक व्हायला हवं. पण आठातले सात जण तरीही उपचारांपर्यंत गेले नाहीत. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे भर यंत्रावर नव्हता. गावातलेच कार्यकर्ते आधी गावात बोलले, लोकांच्या भाषेत ताणाबद्दल चर्चा केली, मग समुपदेशक, मग गरज असेल तर तज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांत उपचारांपर्यंत पोहोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्हीकडे मोजायची रीत वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून कोण पहिला हे ठरवू नये. गोव्यातला 'मानस' प्रयोग आणखी जुना, निष्कर्ष २०१० चे. १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने घेतले होते. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण सावरले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. सरकारी दवाखान्यात बोलायला एक माणूस बसवला तर गरीब माणूस सावरतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही. आपल्या केंद्रात टॅबलेट येतो आहे. तो माणूस कुठे आहे, हे आपण विचारायला हवं.

तो माणूस नसेल तर नुसती तपासणी अंगावरही येऊ शकते. एक हिशेब मांडून बघू. समजा शंभर जण तपासले, त्यातल्या दहांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नांनी त्यातले आठ पकडले. उरलेल्या नव्वदांत शेकडा वीस जणांवर चुकून बोट ठेवलं, म्हणजे अठरा. एकूण सव्वीस जणांना "तुमचे गुण जास्त आले" असा निरोप गेला आणि त्यातल्या अठरांना आजारच नाही. पुढे कुणी नीट बसून बोललं नाही तर ते अठरा जण घाबरणार, किंवा गोळ्यांवर जाणार. कॅनडाच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये याच काळजीतून सरसकट तपासणी नको असं सुचवलं. अमेरिकेतला तसाच गट तपासणीच्या बाजूचा आहे, पण निदान आणि उपचारांची नीट सोय हवी हे तोही सांगतो. दोन्ही देशांत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त डॉक्टर आहेत.

'सौम्य' या शब्दावरही बोलायला हवं. शहरातल्या सफाईच्या कंत्राटावर काम करणारी आमच्या ओळखीची एक ताई. तीन वर्षं डोकेदुखी. उपकेंद्रातल्या मॅडमनी नऊ प्रश्न विचारले, गुण आले नऊ. सौम्य. प्रश्नावलीच्या शेवटी आणखी एक विचारणा असते : या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं किती अवघड झालं? ताई म्हणाली, "काही अवघड नाही, काम तर करावंच लागतं." एक दिवस खाडा केला तर कंत्राटदार दोन दिवसांचे पैसे कापतो. जिला आजारी पडण्याची मुभाच नाही तिचं दुखणं कामावरून मोजलं तर ते नेहमी सौम्यच निघणार. पांढरपेशा माणूस रजा टाकून घरी बसतो, त्याचं मध्यम ठरतं. ही त्रुटी कुणी मुद्दाम ठेवलेली नसेल. पण ती जात आणि वर्ग बरोबर पकडून गळते.

सौम्य त्रासाला लगेच गोळी नको, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. बोलणं, झोपेची घडी बसवणं, एकटेपणा तोडणं, थोड्या दिवसांनी पुन्हा बघणं, हे आधी. त्या मॅडम भल्या. दर आठवड्याला वीस मिनिटं ताईला द्यायच्या. तिथेच कळलं की चार महिन्यांचा पगार थकला आहे, आणि मुकादम सगळ्यांसमोर जातीवरून बोलतो. मॅडमच्या पडद्यावर हे लिहायला रकाना नव्हता. त्यांनी ताईच्या संमतीने आम्हाला फोन केला. युनियनमार्फत कामगार आयुक्तांकडे अर्ज गेला, दोन महिन्यांचा पगार निघाला, दोन महिन्यांचा अजून अडकलेला आहे. मुकादमाविरुद्ध तक्रार करायला ताई तयार नाही, आणि आम्ही तिला ढकलत नाही. दीड महिन्याने गुण सहा आले. डोकं अजून दुखतं, पण रोज नाही.

हा प्रसंग आम्ही पहिल्या मित्राला सांगितला तर तो म्हणाला, "म्हणजे पगार थकल्याचा आजार होता. तपासणी कशाला हवी होती?" तीन वर्षं त्या ताईने पगाराची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आम्हालाही नाही. दरवर्षी विहारात ती आमच्यासमोरच बसायची.

मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात तथागतांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. तो माणूस म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो तसाच मरेल, असं तथागत सांगतात. आपल्या काही मित्रांचा पवित्रा नेमका तसा झाला आहे. व्यवस्था बदलेपर्यंत गोळी नको, समुपदेशन नको. पण आमचं अर्ध्यावर समाधान होत नाही, कारण आपल्या वस्तीवर बाण रोज त्याच दिशेने येतो. एक काढला तर उद्या दुसरा. म्हणून मारणाऱ्याची नोंदही ठेवावी लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर प्रश्न उभा केला, आणि पुढे धम्माचा विषय म्हणून माणसाचं माणसाशी वागणं मध्यभागी आणलं. त्यांच्या वाटेने जायचं तर दुःख मोजणाऱ्या फॉर्ममध्ये दुःखाच्या कारणाला एक रकाना मागणं हे धम्माचंच काम आहे. कर्ज, थकलेला पगार, घरातली मारहाण, जातीवरून अपमान, घर पाडल्याची नोटीस. माणसाची इच्छा असेल तरच सांगावं, पण जागा असावी. वर्षभराने तालुक्याची बेरीज काढली तर नैराश्याच्या शेजारी कारणांचीही बेरीज निघेल. मग तो कागद घेऊन आपण आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊ, कामगार कार्यालयातही जाऊ.

शिक्क्याच्या भीतीबद्दल दुसऱ्या मित्राला सांगायचं आहे, की कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार कुणाची सामाजिक, आर्थिक, राजकीय स्थिती किंवा धर्म, समूह बघून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. कलम १८ नुसार जातीचा भेद न करता उपचार मिळणं हा हक्क आहे. कलम २३ गोपनीयतेचं. म्हणजे गुणांचा आकडा सरपंचाला, कंत्राटदाराला, नवऱ्यालाही सांगता येत नाही. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्याला पोलीस धरतील या भीतीने नवव्या प्रश्नावर बाया खोटं बोलतात. कलम ११५ सांगतं, की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, आणि तिला मदत देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे कलम विहाराच्या फलकावर लिहून लावा.

आणि थोडं आपल्याबद्दल. कार्यकर्ता खचत नाही, अशी आपली एक समजूत आहे. स्पर्धा परीक्षेचा पाचवा प्रयत्न चाललेली पोरं, मोर्चातून केस अंगावर घेतलेली पोरं, घरात कमावणारं कुणी नाही आणि ६ डिसेंबरला दादरला मात्र स्टॉल लावणारी पोरं. त्यांना "कसा आहेस" विचारलं की "जय भीम, एकदम कडक" असं उत्तर येतं. हे नऊ प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा. गुण दहाच्या वर आले किंवा नवव्या प्रश्नावर अडखळलात तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण विहारात स्वतःच तपासणी शिबिर लावायची घाई करू नका. पुढे पाठवायला जागा ठरलेली नसेल तर लोकांची दुःखं गोळा करून आपण त्यांना देणार काय?

आमच्या उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीत आम्ही लेखी अर्ज दिला आहे. मनाचे प्रश्न दारात विचारू नयेत, उपकेंद्रात आडोशाला आणि हेडफोनवर विचारावेत. ज्या घरांना शून्य गुण आहेत त्यातली काही घरं दर तिमाहीला पुन्हा तपासावीत. रेषेवर गेलेल्या माणसाशी किती दिवसांत कोण बोललं, याचा नावाविना तक्ता फलकावर लागावा. एक प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस बसावा, आणि त्या जागेसाठी वस्तीतल्या शिकलेल्या मुलींचा आधी विचार व्हावा. कारणाचा रकाना ॲपमध्ये घालणं आपल्या हातात नाही, वरून व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग तोपर्यंत वहीत लिहा, नाव न घालता, असं आम्ही म्हटलं. एका सदस्याने विचारलं, जातीवरून अपमान हा आरोग्याचा विषय कसा? त्यावर बराच वेळ गेला, आणि बैठक तिथेच थांबली. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. त्या दिवशी विहारातल्या पंधरा-वीस बाया सोबत येणार आहेत. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी मागून घ्या. समुपदेशकाच्या मागणीत आपल्या भागाची बोली मात्र बदलून लिहा, आमच्याकडे वऱ्हाडी आणि कोरकू आहे.

जय भीम.